बरगडीतली मासळी

सकाळी लेकीचा फोन आला होता, "आई, सासरहून कायमची परत आले तर लोक काय म्हणतील?" "बघू," एवढंच म्हणून ती प्रयोगशाळेत आली. समोर समुद्रकाठी सापडलेल्या, तीन हजार वर्षांपूर्वीच्या बाईची हाडं होती. माणसानं काय खाल्लं ते हाडांतल्या कार्बन-नायट्रोजनवरून कळतं; दात बालपणीचं सांगतो, मांडीचं हाड मधल्या वर्षांचं, बरगडी अखेरचं. दातात मासळी निघाली, मांडीच्या हाडात नुसतं डोंगरातलं धान्य. "लग्न होऊन डोंगरात गेली," साहेब म्हणाले, "पण बरगडीत पुन्हा मासळी? मशीन चुकलंय." "तीनदा तपासलंय, सर. मशीन बरोबर आहे. बाई माहेरी परतली होती." तिनं बरगडी कापसात ठेवली, हातमोजे काढले आणि लेकीला फोन लावला. "ये निघून. कुणी नाक मुरडलंच तर सांग, ही पद्धत तीन हजार वर्षांची आहे."