बुटका पाहुणा

कुलदीपनं अमरावतीच्या बाजारातून हातात मावणारा जुना व्हिडिओ गेम आणला. त्यातला बुटका माणूस खड्ड्यांवरून उड्या मारायचा. कुलदीप त्याला मजेखातर मुद्दाम खड्ड्यात पाडायचा. एक जीव गेला की गेम दुसरा द्यायचा.

आज दुपारी बुटका खड्ड्यापाशीच थांबला. बटण दाबलं तरी हलेना. त्यानं कुलदीपकडे रोखून पाहिलं आणि पडद्याबाहेर चालता झाला.

दुकानदारानं गंडवलं, असा संशय येऊन कुलदीपनं सेल काढले. पडद्यावरचे ढग तरीही सरकत होते.

"कुलदीप, तुहा दोस्त आला रे," समोरच्या खोलीतून आई म्हणाली. "भलताच बुटका आहे. पायऱ्या उड्या मारूनच चढला."

"आई, त्याले घरात घेऊ नको!"

"काहून? पानी देल्लं मी त्याले, पाहुणा झाला. आता जेवल्याबिगर कसा धाडू? अन् ऐक, तुले जीव किती आहेत, इचारून रायला."