गारगोटीच निघाली
मशीनने जमिनीखालून काढलेल्या दगडाच्या कांडीवर पाणी ओतलं, तेव्हा पांढऱ्या गारगोटीच्या शिरेत पिवळे कण चमकले.

"दौलतभाऊ, सोनं लागलं!" साहेब ओरडले. मशीनवरच्या माणसांनी दौलतला खांद्यावर घेतलं.

गेली बावीस वर्षं तो सोन्यासाठी जमिनीला भोकं पाडत होता. दर शनिवारी घरी आला, की बायको फुलवंता पायांवर पाणी ओतायला तांब्या घेऊन दारात उभी असायची. "सापडलं का सोनं?"

"नाई वं. गारगोटीच निघाली."

"मग या जेवाले. सापडलं असतं तर माही भाकर कायले आठवली असती तुमाले?"

आज तो पेढ्यांचा पुडा घेऊन पळतच घरी आला. "सापडलं वं, सापडलं!" दारातूनच ओरडला. आत कुणी हललं नाही. फुलवंताला जाऊन तीन महिने झाले होते. आनंदाच्या भरात तेवढंच तो विसरला होता.

पुडा ओट्यावर ठेवून त्याने स्वतःच पायांवर पाणी घेतलं. मग रिकाम्या घराकडे बघून हळूच म्हणाला, "नाई वं. गारगोटीच निघाली."

आणि ती जेवायला बोलावेल म्हणून दारातच थांबून राहिला.