भिंगरी कुणावर गेली

"डोळ्यांत नाही, दोन भुवयांच्या मधे बघा. समोरच्याला पत्ता लागत नाही," बायको आरशाला म्हणाली.

आरशात नवरा होता. मानेभोवती कापड, कानाशी तिची कात्री. उद्या शाळेत पालकांची बैठक, म्हणून पार्लर उघडायच्या आधीच त्याला पढवणं चाललं होतं.

"आणि बाई हसल्या की लगेच हसू नका. एक श्वास घ्या, मग हसा. लगेच हसलं की खोटं वाटतं."

"हो."

"नुसतं 'हो' नाही. 'हो ना!' म्हणायचं."

"हो ना," तो म्हणाला. पोलिसांपुढे गुन्हा कबूल करावा तसा.

शेजारच्या खुर्चीत सासूबाई कलप लावून बसल्या होत्या. कलपाने केस सुधारतात. जिभेसाठी अजून काही निघालेलं नाही.

"पालथ्या घड्यावर कशाला पाणी ओततेस गं?" त्या म्हणाल्या. "पोर बापावर गेलीय, संपलं. आमच्याकडे असं कुणी झालं नाही. जावईबापू, राग मानू नका हं, पण माझी लेक बघा. दगडाशी बोलेल आणि दगड उलटून उत्तर देईल!"

राग कसला मानणार? खरंच होतं ते. बायकोच्या खुर्चीत बसलेली बाई उठताना पोटातलं सगळं ओकून उठायची. बायको प्रत्येकीला तेच चार प्रश्न त्याच क्रमाने विचारायची, पण अशा गोडीने, की प्रत्येकीला वाटे, हे खास माझ्यासाठीच.

आणि हा? याचं चष्म्याचं दुकान. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायचा, पण यंत्रातून. यंत्र बाजूला केलं की नजर थेट चपलांवर. एका गिऱ्हाइकाला म्हणाला होता, "फ्रेम सरळच आहे, तुमचं नाक वाकडं आहे." नाक खरंच वाकडं होतं. गिऱ्हाईक मात्र सरळ निघून गेलं.

लोक त्याला भिंगवाला म्हणत. त्याची पहिलीतली लेक डब्यांची झाकणं फिरवत तासन् तास बसायची, म्हणून ती भिंगरी. डॉक्टरीणबाईंनी 'ऑटिझम' हा शब्द उच्चारून त्याचा अर्थ समजावला, तेव्हा भिंगवाल्याचे कान तापले. बोलणं पोरीबद्दल चाललं होतं, पण त्याला वाटत होतं, कुणीतरी आपलीच चहाडी करतंय.

तेव्हापासून बायकोकडे वर मान करून बघायची सोय राहिली नव्हती. ती रोज पार्लरमधून आली की न्हाणीघरात जायची, दिवा न लावता, नळ सोडून बसायची. बराच वेळ. बाहेर हा भाजी चिरत बसायचा. रडत असणार बिचारी. आणि कुणामुळे?

"चष्मे पोचवून येतो," केस झटकत तो म्हणाला. खोटं होतं. गेले काही आठवडे तो डॉक्टरीणबाईंकडेच जात होता. स्वतःसाठी. आज निकाल होता. 'हो' म्हणाल्या तर संध्याकाळी बायकोपुढे हात जोडायचे आणि सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला.

"तुम्हाला ऑटिझम नाही."

"नीट बघा हो."

"नीटच बघितलं. लाजाळू आहात. जरा फटकळ आहात. फटकळपणावर माझ्याकडे औषध नाही."

"मग पोर कुणावर…"

"ते शोधायला मी पोलीस नाही. आणि तुम्हाला असता, तरी मी काही दंड केला नसता."

जिना उतरताना त्याला शीळ घालावीशी वाटली. घातलीही. आणि अर्ध्या शिळेत तोंड कडू झालं. ज्यातून आपण सुटलो म्हणून शीळ घालतोय, त्यात आपली पोर आहे. उरलेल्या पायऱ्या तो शिळेशिवाय उतरला.

पण आनंद मोठा लबाड. पार्लर येईपर्यंत पुन्हा वर आलाच. सासूबाई काळ्याभोर होऊन घरी गेल्या होत्या. कोपऱ्यात भिंगरी शाम्पूचं झाकण फिरवत होती. बायको जमिनीवरचे केस झाडत होती.

त्याने एका दमात सगळं सांगितलं. चोरून जाणं, आजचा निकाल, सगळं. "माझ्याकडून नाही गं आलं! उगाच वर्षभर तोंड लपवत फिरलो. उद्या पहिलं काम, आईंना सांगतो. चांगलं तोंडावर!"

बायको झाडतच होती.

"काय काय विचारलं त्यांनी?"

"काहीही! म्हणे, लहानपणी मैत्रीत कसं वागायचं ते बाकीच्यांची नक्कल करून शिकलात का? बोलायच्या आधी वाक्यं मनात पाठ करता का? हसायचं कधी, ते ठरवावं लागतं का? माणसांतून घरी आलं की अंधारात एकटं बसल्याशिवाय चालत नाही का?"

केरसुणी थांबली.

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

"सगळ्याला 'नाही'. असं कोण करतं?"

बायकोने केरसुणी भिंतीला टेकवली. आरशातून नाही, भुवयांच्या मधेही नाही, तिने सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं, आणि तेवढ्यानेच तिच्या हनुवटीला कापरं भरलं.

"आईला सांगू नका," ती म्हणाली. "ते तुमच्याच नावावर राहू द्या ना."