दगडी चेहरा

पणजीच्या कॅसिनोतल्या पोकर रूममधली जुनी टेबलं गेली आणि स्क्रीनची आली. पत्ते आता यंत्रच वाटणार. इतकी वर्षं ते वाटणाऱ्या गौरेशला मॅनेजर म्हणाला, "नोकरी जात नाही रे तुझी. उद्यापासून दारात उभं राहायचं आणि येईल त्याच्याकडे बघून हसायचं."

हसायचं? कुणाचं नशीब फळफळो, कुणी नागवला जावो, आपल्या चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायची नाही, यावरच तर त्याने आजवर पोट भरलं होतं. पेडण्याच्या बसमध्ये त्याने ठरवलं, विनिताला इतक्यात सांगायचं नाही. लेकीचं कॉलेज नुकतंच सुरू झालंय, उगाच विनिताच्या जिवाला घोर. आणि अट्टल जुगाऱ्यांना ज्याच्या मनातलं कधी ओळखता आलं नाही, त्याला बायकोपासून एवढीशी गोष्ट लपवणं काय कठीण?

नेहमीच्या वेळी तो घरी पोचला, हातपाय धुतले आणि शांतपणे चहात पोय बुडवून खाऊ लागला. विनिता समोर येऊन बसली.

"कामावर काय झाला?"

"काय नाय."

"खोटा बोलू नकास."

गौरेश चाटच पडला. "माझ्या तोंडार दिसता?"

"काय एक दिसणा नाय," विनिता म्हणाली. "रोज दारातसूनच सायबाक गाळी घालीत येतास. आज तोंडारची माशी हलणा नाय, तेव्हाच माका कळला, कायतरी झाला."