हलकी चादर

चैतात डोंगरगडच्या बमलाईदेवीच्या दर्शनाला पायदळ निघायचं म्हणून दवनीवाड्याच्या मोहनलालनं उदबत्तीचा पुडासुद्धा हातावर तोलून घेतला. पांघरायची चादर मात्र मनासारखी हलकी मिळेना. शेवटी बाजारातली एक अनोळखी म्हातारी म्हणाली, "हे ने बापू. अंगावर घेऊन निजला का वजनच रायत नाही."

चादर खरंच पिसासारखी होती. पहिल्या मुक्कामानंतर मोहनलाल सुसाट चालू लागला. दुसऱ्या दिवशी त्याच्या पायाखाली मोहफुलं चिरडेनाशी झाली. तिसऱ्या दिवशी धुळीत पावलं उमटली ती एकट्या त्याच्या बायकोची, दुलारीची. चादर मात्र रोज जड होत गेली. गडाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत तो तिच्या भारानं कमरेत वाकला होता.

"कायले उचलून रायले जी ते ओझं?" दुलारी म्हणाली. "आता ठेवा ना खाली."

"राहू दे वो. हे खांद्यावर नसली का मले भेव लागते."

"बमलाईच्या दारात कायचं भेव?" असं म्हणून तिनं आपल्या हातानं चादर उतरवली.

एवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. चादर जागची हलली नाही.

थोड्या वेळानं वरून एक चप्पल पडली.