कातरीची राखी

सुरतच्या कोर्टात म्हातारे हिलालभाऊ साक्षीला उभे राहिले, तेव्हा पिंजऱ्यातले कुंदन आणि उज्ज्वला एकमेकांकडे बघतही नव्हते. सख्खे भाऊबहीण. यंत्रमागाच्या कारखान्यातल्या मुकादमाचा गळा आवळल्याचा आळ दोघांवर, आणि कहर म्हणजे पोलिसांपुढे दोघंही म्हणालेली, मारला तो मीच!

सरकारी वकिलांनी कातर वर धरली. तिच्या कड्याला राखी होती. चालत्या मागावर हातातली राखी अडकली तर बोटं जायची, म्हणून तिथले कारागीर ती कातरीलाच बांधत.

"ही कुंदनची कातर. प्रेताजवळ कशी आली?"

"मी नेली, साहेब. मुकादमाचा गमछा माझ्या मागाच्या पट्ट्यात ओढला गेला. कुंदनच्या मागावर कातर दिसली, धावत जाऊन आणली, गमछा कापला. पण तोवर जीव गेला होता. माग माझा, आळ माझ्यावर येईल म्हणून गावी पळालो." हिलालभाऊंनी पिशवीतून गमछ्याचा तुकडा काढला. प्रेताच्या गळ्यातल्या तुकड्याशी तो कडेला कड जुळला.

पिंजऱ्यात उज्ज्वलाने झटकन मान वळवली.

"म्हंजे तू नही मारं?"

"मी? माले वाटनं, तूच मारं. तुले छळे ना तो!"

"येडा! तुनी कातर दिसनी, म्हनीसन मी सांगं, मी मारं."

दोघंही हसता हसता रडायला लागली. आठ महिने दोघं एकमेकांसाठी तुरुंगात बसली होती. न्यायाधीशांनी शांत राहा म्हणून सांगितलं, पण जरा थांबून.

सरकारी वकिलांनीही हरकत घेतली नाही, जामीन तिथल्या तिथे झाला. बाहेर हिलालभाऊ भिंतीशी हात जोडून उभे होते. "पोरांनो, फार उशीर केला मी."

उज्ज्वला त्यांच्या पाया पडली. "आलात ना, भाऊ! कुणी बोलवायला गेलं नव्हतं, तरी आलात. लई उपकार झाले तुमचे. औंदा राख्या दोन आणणार मी. एक तुमच्या कातरीला."

"माग सुटला बाई त्या दिवसापासून. कातर कुठली आता?"

"मग हाताला बांधीन!"