दुसरी नळी

बंगळूरच्या कोर्टात मी साक्ष देत होतो. मी सरकारी रसायनतज्ज्ञ. समोर ठकुबाई उभी होती, नवऱ्याला सोमलाचं विष घातल्याच्या आरोपाखाली. मयताच्या जठराच्या चाचणीत काचनळीवर धरलेला सोमलाचा डाग न्यायाधीश निरखत होते. चाचणीला जस्त लागतं. त्या जस्तातच सोमल असू शकतो, म्हणून आधी नुसतं जस्त तपासायचा नियम आहे. पण फौजदार म्हणाले, "अण्णा, तिनं कबूल केलंय, स्वल्प लवकर करा," आणि मी ते टाळलं. साक्षीच्या सकाळी राहवेना, म्हणून तपासलं. बचावाच्या वकिलांनी काहीच विचारलं नाही. मीच खिशातली दुसरी नळी पुढे ठेवली, तसाच डाग. "यात कुणाचं जठर?" न्यायाधीशांनी विचारलं. "कुणाचंच नाही, स्वामी. नुसतं जस्त." न्यायाधीशांचा आवाज खाली आला. "सत्तावन्न साली सोमलाच्याच खटल्यात तुमच्या साक्षीवर मी परसूला फाशी दिली, तेव्हाही हेच जस्त होतं?"